हे सीव्हीत टाकता येईल का?

तुमच्याही सोसायटीत एक असणारच. पाठीला सॅक, सॅकवर कुठल्याशा हॅकेथॉनचा स्टिकर, आणि लिफ्टमध्ये कुणी नोकरदार माणूस शिरला की चेहऱ्यावर एकदम तेज. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि इंटर्नशिप शोधतोय. आमच्या वरच्या मजल्यावरच्याला मी चिरंजीव म्हणतो. त्याचे वडीलही हल्ली तेच म्हणतात, पण त्यांचा सूर वेगळा असतो.

"काका, तुम्ही कुठल्या डोमेनमध्ये?" हा त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न. म्हटलं, सहकारी बँकेत. "म्हणजे फिनटेक!" म्हटलं, "नाही रे, कर्जवसुली." तेवढ्यात माझा मजला आला म्हणून सुटलो. रात्री लिंक्डइनवर त्याची रिक्वेस्ट. माझं तिथे खातं आहे हे मीसुद्धा विसरलो होतो.

चिरंजीव कामाला वाईट नाही. फक्त कुठलंही काम सांगा, आधी विचारणार, "हे सीव्हीत टाकता येईल का?" गणपतीत वर्गणीची वही त्याच्याकडे दिली, त्याने ती एक्सेलमध्ये उतरवली. दुसऱ्या दिवशी सीव्हीत ओळ आली: 'सामुदायिक निधिसंकलनासाठी डेटाबेसची उभारणी व व्यवस्थापन'. (मूळ इंग्रजी त्याचं, मराठी माझं.) विसर्जनाला दोरी धरून उभा राहिला, तर 'गर्दीचं नियोजन आणि नेतृत्व'. आजीला व्हिडिओ कॉल लावायला शिकवलं, ते झालं 'ज्येष्ठ वापरकर्त्यांचं ऑनबोर्डिंग'. आजीला वाटलं, नातू आपल्याला बोर्डिंगात टाकतोय. दोन दिवस जेवली नीट नाही. त्याच्या आईने मात्र ही भाषा लवकर आत्मसात केली. कोथिंबीर आणायला पाठवताना तो तोंड उघडायच्या आत म्हणाली, "टाक. सप्लाय चेन."

साताऱ्याला त्याच्या मामेबहिणीच्या लग्नात याला अंतरपाट धरायला उभा केला होता. नवऱ्या मुलाचे काका हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, हे याला आदल्या रात्रीच कळलेलं. मंगलाष्टकं चालू, काका शेजारी अक्षता घेऊन उभे, आणि अंतरपाटाचं एक टोक हळूहळू काकांच्या दिशेने सरकायला लागलं. 'शुभमंगल सावधान'ला नवरा-नवरी एकमेकांना तिरपी दिसत होती. काका म्हणाले, "पाठवून ठेव." हिंजवडीतले यच्चयावत काका हेच म्हणतात. नाही म्हणणं जिवावर येतं आणि हो म्हणणं हातात नसतं. त्यांची कंपनी आहे तिसऱ्या फेजला. वाकडच्या पुलावरून तिथे वेळेत पोचण्यातच त्यांची निम्मी कर्तबगारी खर्च होते. पोराने रात्रीच सीव्ही पाठवला. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. काही झालं नाही.

सीव्हीत प्रोजेक्टही आहेत. त्यातला एक टायटॅनिकचा. १९१२ साली बुडालेल्या त्या जहाजावरच्या ८९१ प्रवाशांची यादी कॅगल या संकेतस्थळावर मिळते, तिच्यावर मॉडेल शिकवायचं आणि कोण वाचला असेल ते ओळखायचं. मशीन लर्निंग शिकणारं जवळजवळ प्रत्येक पोर हे करतं. मी विचारलं, "अरे, पण ते बुडून शंभरावर वर्षं झाली की." तो म्हणाला, "काका, अचूकता बघा ना!"

हसू येतं, पण पोराला असं कुणी केलं तेही बघा. पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिप हा रीतसर विषय आहे, त्याला क्रेडिट आहेत. म्हणजे करायलाच हवी. कॉलेज एनओसी देतं, लॉगबुक देतं. कंपनी मात्र ज्याची त्याने शोधायची. आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं: इंटर्न हवा, अनुभव असल्यास प्राधान्य. २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, पहिल्या ५०० कंपन्या, महिना ५००० रुपये. चिरंजीवाने पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. मग नियम वाचले: पूर्णवेळ शिकणाऱ्यांनी अर्ज करू नये.

या पेचावर पोट भरणारेही आहेत. एका कंपनीने याला अर्ज केल्यापासून पाच मिनिटांत ऑफर लेटर पाठवलं. मुलाखत नाही, परीक्षा नाही. घरात आनंदीआनंद. खाली बारीक अक्षरात 'प्रशिक्षण शुल्क' होतं. आमच्या काळी उमेदवारी करणाऱ्याला निदान चहा मिळायचा. इथे चहाचे पैसेही उमेदवारानेच भरायचे. त्याच्या वर्गातल्या काहींनी भरले. शिक्का मिळाला, क्रेडिट मिळाले, काम कुणी सांगितलंच नाही.

याने भरले नाहीत. बापाकडे मागायची लाज वाटली, असं त्याने मला जिन्यात सांगितलं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती.

मग मीच त्याला आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे नेलं. बिचाऱ्याची दर वर्षी ढीगभर औषधं मुदत संपून पडून राहायची, कारण वेळेत परत पाठवायची राहून जायची. चिरंजीव खोक्यांच्या मधल्या बोळात स्टुलावर बसून, फोनचा टॉर्च लावून, एकेका पट्टीवरची तारीख वाचत होता. एकच गोळी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने नोंदलेली. पट्टी तारखेच्या बाजूने कापली की तारीखच गिऱ्हाइकाबरोबर जाते, हे त्याला तिथे कळलं. त्याने दुकानातल्या पोराला दुसऱ्या टोकाकडून कापायला शिकवलं. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. येत्या तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या औषधांची यादी आता रोज सकाळी मेडिकलवाल्याच्या फोनवर येते. दर आठवड्याला मेडिकलवाला पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवायचा, वर म्हणायचा, "शेठ, उद्या लवकर या."

कॉलेजने हे इंटर्नशिप म्हणून नामंजूर केलं. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून मेल हवा, एचआरची सही हवी. मेडिकलवाल्याच्या एचआर म्हणजे त्याच्या मिसेस, आणि त्यांचा मेल जीमेलवर.

परवा खाली माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. "काका, हे सीव्हीत कसं टाकू?" एरवी कोथिंबिरीला भारदस्त नाव देणाऱ्याला या कामासाठी शब्द सापडेना. म्हटलं, जे केलंस ते लिही. त्याने लिहिलं: 'औषधांच्या दुकानासाठी मुदत संपत आलेल्या मालाची यादी करणारा प्रोग्रॅम लिहिला. दुकान तो रोज वापरतं.' अख्ख्या सीव्हीत खरी ओळ ही एकच. आणि हिच्यात भारी शब्द नाहीत, म्हणून सीव्ही चाळणारी सॉफ्टवेअरं ती सोडून देतील, अशी त्याला भीती. भीती खोटी नाही. माझ्या आवडत्या पोरांत मी त्याला धरत नाही, तरी त्या ओळीवरून माझी नजर लवकर हलली नाही, हे कबूल.

तर वाचकहो, तुमच्या ओळखीत आयटीतलं कुणी असेल तर कळवा. सीव्ही एका पानाचा आहे, पीडीएफ माझ्या फोनमध्ये आहे, म्हणाल तिथे पाठवतो. स्टायपेंड दिलात तर उत्तम. चहा तरी द्याच. आणि 'पाठवून ठेव' एवढंच म्हणणार असाल, तर राहू द्या. तसे काका आमच्याकडे भरपूर आहेत.