हाऊ कोन शे?

शिंदखेड्यातून शिकून पुण्या-मुंबईच्या कंपनीत सिस्टिम ॲडमिन झालेला भाऊ ओळखायची खूण सोपी आहे : तो माऊसला हात लावत नाही आणि कुठलीही कमांड पुरती लिहीत नाही. खातं कोणाचं हे पाहायला बाकीची मंडळी ‘गेटएंट पासवर्ड’ टाइप करतात, पुढे ग्रेप लावतात आणि कोलनने तोडलेल्या सात रकान्यांत डोळे बारीक करून नाव हुडकतात. हा नुसतं ‘हाऊ पाटील’ लिहितो; अहिराणीत ‘हाऊ’ म्हणजे ‘हा’. त्याच्या बॅशआरसी फाइलीत चार ओळींचं फंक्शन असतं. एलियसच्या मधोमध नाव खुपसता येत नाही हे कळल्यापासून एलियसचा नाद त्याने सोडलेला असतो. एंटर मारला की लॉगिन, यूआयडी आणि पाचव्या रकान्यातलं पूर्ण नाव एका ओळीत हजर. ‘पाटील’ म्हटल्यावर सगळा स्क्रीन भरून वर धावतो, पण तो दोष फंक्शनचा नव्हे, खान्देशाचा. मग भाऊ त्याच रकान्यातला फोन नंबरही जोडून घेतो.

लोक याला आळस म्हणतात. मला ती चौकसपणाची सोय वाटते. एसटी स्टँडवर नवखं पोरगं दिसलं की आबा ‘हाऊ कोना पोर्‍या शे?’ विचारतात आणि दोन मिनिटांत त्याच्या आजोळापर्यंत पोचतात, कारण विचारायला काही पडत नाही. कोणी म्हणेल, चार सेकंद वाचवायला यानं अख्खी दुपार घालवली! हिशेब बरोबर, पण अर्धा. लांबलचक कमांड लागणारा प्रश्न माणूस उद्यावर ढकलतो. तीन अक्षरांचा प्रश्न तो येता-जाता विचारतो. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं अजून उघडं आहे, हे अशाच येता-जाता विचारण्यातून सापडतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : ही दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खोड नव्हे का? ‘हाऊ’ वाचतो त्या फाइलीचं नाव ‘पासवर्ड’ असलं तरी ती मशीनवरच्या कोणालाही वाचता येते. खरं गुपित शॅडो फाइलीत, आणि ती रूटच्या ताब्यात. पण आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. कोण कुठे आहे, कामावर आहे का, हे कळावं म्हणून लेस अर्नेस्ट यांनी 1971 मध्ये ‘फिंगर’ हा प्रोग्राम लिहिला, आणि 1988 च्या मॉरिस वर्मने त्याच सेवेतल्या भोकातून मशीनं गाठली. म्हणून भाऊने शॉर्टकट आपल्यापुरता ठेवावा, नेटवर्कवर मांडू नये.

मात्र शेजारच्या टेबलापुरता तो जरूर द्यावा. भाऊ नोकरी सोडतो, कोणीतरी ‘यूजरडेल’ला ‘आर’ लावून एंटर मारतो, आणि होम डिरेक्टरीबरोबर ‘हाऊ’सुद्धा जातो. तेव्हा भाऊ, राजीनामा टाकण्याआधी बॅशआरसीची एक कॉपी मागे ठेवा.