आऊट काढण्याचं शास्त्र

जुनं चाक दुरुस्त करावं की नवं घ्यावं, याबाबतचं सदर मार्गदर्शन वर्धा जिल्ह्याच्या महसुली हद्दीपुरतं लागू आहे. पुलगावला नदी ओलांडून कुणी धामणगावच्या बाजूला गेला आणि तिथे त्याचं चाक वाकडं झालं, तर त्याने अमरावती जिल्ह्याच्या रीतीप्रमाणे काय तो निर्णय घ्यावा. आम्ही जबाबदार नाही.

पात्रतेची अट एकच. अर्जदाराकडे जुनी माउंटन बाइक असावी. आपल्याकडे तिला रेंजर म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. जाड टायर, आडवा दांडा हँडल, एकवीस गिअर आणि त्यातला वापरात एक. वर्धेत माउंटन कुठे आहेत, असा प्रश्न पुण्याहून आलेला माझा मुलगा विचारतो. हनुमान टेकडी आहे, हिंदी विद्यापीठाची गांधी हिल आहे, लांबवर गिरडची टेकडी आहे. पण त्यांवर आम्ही पायी चढतो, तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आमचा खरा डोंगर सपाटीवर असतो. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरची चाकं रुततात आणि फेब्रुवारीपासून त्या चाकोऱ्या वाळून दगड होतात. चाकोरीतून जाणाऱ्या माणसाला धोका नसतो असं म्हणणाऱ्याने मे महिन्यात सेलूकडची एखादी पांदण सायकलवर करून दाखवावी. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो आणि चाकासारखा गुळगुळीत आहे, पण त्यावर सायकलला मज्जाव आहे.

आता चाकाची ओळख. ज्यांच्या घरी बंडी होती त्यांना हे सांगायला नको. तुंबा, आरे, पाटे, वरून लोखंडी धाव आणि मधून आख. सायकलचं तेच, फक्त नावं बाटली : हब, तारा, रिंग, एक्सल. फरक एका गोष्टीत आहे आणि तो समजल्याशिवाय पुढचं वाचू नये. बंडीचा आरा खांबासारखा भार तोलतो. सायकलची तार खांब होऊच शकत नाही. ती दोरी आहे, ती फक्त ओढते. छत्तीस दोऱ्या छत्तीस बाजूंना ओढत असतात आणि त्या ओढाताणीत रिंग गोल राहते. एकत्र कुटुंबाची याहून चांगली आकृती मला वर्गातल्या फळ्यावर कधी काढता आली नाही. ही युक्ती 1808 साली जॉर्ज केली या इंग्रजाला सुचली, तीही उडण्याचं यंत्र हलकं कसं करावं या विवंचनेत. ते यंत्र पुढे कित्येक वर्षं उडायचं राहिलं, चाक मात्र आर्वी नाक्यापर्यंत पोचलं.

म्हणून पहिली परीक्षा कानाची. सायकल उलटी करावी आणि तारा एकेक छेडाव्यात. एका बाजूच्या तारा साधारण एका सुरात बोलल्या पाहिजेत. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूचा सूर वरचा लागेल. तिकडच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, घाबरू नये. मध्येच एखादी ‘थप्’ असा आवाज करत असेल तर ती सैल आहे. सगळ्याच तशा बोलत असतील तर छेडणं थांबवून पायी घरी जावं.

तुटलेल्या तारेचं शास्त्र वेगळं आहे. तार मधून तुटली तर काहीतरी अडकलं होतं. हबाजवळ, जिथे तिला बाक असतो तिथे तुटली, तर ती थकून गेली. आमच्या मिस्त्रींचा याबाबतचा सिद्धांत मी त्यांच्याच भाषेत देतो, कारण शुद्ध केल्यावर तो चुकीचा वाटतो : “गुरुजी, एक तार तुटली त तार बदलाची. महिन्यात तीन तुटल्या त समजाचं का बाकीच्याई लाइनीत उभ्या आहे.” माझ्या मागच्या चाकाच्या चार तुटल्या होत्या. तिघी फ्रीव्हीलच्या बाजूच्या. तिकडची तार बदलायची तर आधी फ्रीव्हील काढावं लागतं, आणि चौदा वर्षं जागेवर बसलेलं फ्रीव्हील हे सेवानिवृत्तीनंतर खुर्ची न सोडणाऱ्या मुख्याध्यापकासारखं असतं. पान्याला लांब पाइप लावून दोघे जण लोंबकळले तेव्हा ते सुटलं.

दुसरी परीक्षा खडूची, आणि इथे मी अधिकारवाणीने बोलू शकतो. खडू धरण्याचा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. चाक जोरात फिरवून रिंगेच्या कडेजवळ खडू स्थिर धरावा. जिथे रेघ उमटली तिथे रिंग तुमच्याकडे कललेली आहे. तिथली आपल्या बाजूची तार थोडी सैल, पलीकडची थोडी घट्ट, रिंगेजवळच्या निपलला पाव फेरा, अर्धा फेरा देत. याला आऊट काढणं म्हणतात. प्रत्येक सायकलवाल्याला वाटतं की हे आपल्याला जमेल. मलाही वाटलं. दुपारी तीनला एका जागी असलेला आऊट संध्याकाळी सहापर्यंत मी तीन जागी पोचवला होता आणि चाक लंबगोल झालं होतं. निपलला हात लावण्याआधी वाचकाने स्वतःला एवढंच विचारावं, की मिस्त्री ओळखीचे आहेत का आणि ते हसणार किती.

आऊट निघत असेल तर रिंग ठेवावी, न निघाल्यास टाकावी, असं सरळ असतं तर मार्गदर्शनाची गरजच नव्हती. स्टीलची रिंग गंजते, पावसात ब्रेकला दाद देत नाही, पण झिजून मरत नाही. अलॉयची रिंग ब्रेकच्या रबरात अडकलेल्या कचकचीने दर पावसाळ्यात थोडी थोडी खरवडली जाते. तिच्या कडेवर पट्टी उभी धरून बघा. मधून उजेड दिसला, म्हणजे कड आत खोल गेली असेल, तर ती एक दिवस हवेच्या दाबाने फाटेल, आणि तो दिवस उताराचा असेल. निपलच्या भोकाभोवती बारीक भेगा असतील तर प्रश्नच मिटला. ती रिंग गेली. (बाभळीचा काटा आणि पंक्चर यांचा या सगळ्याशी संबंध नाही. त्यासाठी वेगळं मार्गदर्शन लागेल आणि त्याचे खंड पडतील.)

उरला तुंबा. माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो आणि लोक नेमकं इथेच बघत नाहीत. हब उघडला की पुढच्यात दीड सुताचे दहा-दहा आणि मागच्यात दोन सुताचे नऊ-नऊ छर्रे निघतात. ते मोजून ताटलीत ठेवावेत. घरातली ताटली घेतल्यास कोणती घेतली हे सांगू नये. छर्रे मिळतात, कोन मिळतो, एक्सल मिळतो. पण हबाच्या आतली वाटी, जिच्यावर छर्रे फिरतात, तिला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले असतील, तर तो हब ग्रीस पाजून सुधारणारा नाही. वाटी आरशासारखी असेल, तर बाहेरून कितीही गंजू दे, जपून ठेवावा. आपल्याकडे या सगळ्या सोहळ्याला ‘ओव्हरऑइल करणं’ म्हणतात. इंग्रजीच्या शिक्षकाने हा शब्द सुधारायचा प्रयत्न केला होता. मिस्त्रींनी विचारलं, “तेल टाकाचं का नाई मंग?”

माउंटन बाइकचं मूळच हबाच्या ओव्हरऑइलात आहे हे तिच्या मालकांना माहीत नसतं. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही पोरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, भंगारातल्या जड सायकली जोडून डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. 1976 पासून त्यांच्या शर्यती लागल्या. ब्रेक मागच्या हबात असायचा आणि उतार संपेपर्यंत आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर फेरीनंतर हब उघडून पुन्हा भरावा लागे. त्या रस्त्याचं नावच ‘रीपॅक’ पडलं. तात्पर्य, जुनं चाक उघडून बसलेला माणूस या सायकलीच्या घराण्यातला अस्सल वारस आहे. हे वाक्य पत्नीसमोर वापरून पाहावं. माझ्या बाबतीत चाललं नाही.

“अहो, नवं घेऊन टाका ना एकदाचं,” ती म्हणाली. मी घेतलं. एका दुकानातून (नाव घेत नाही) तयार चाक आणलं. सव्वीस मागितलं, सव्वीस मिळालं, आणि टायर बसेना. कारण सव्वीस एक नाहीत. रेंजरच्या टायरच्या कुशीवर बारीक अक्षरात शेवटी 559 लिहिलेलं असतं. सव्वीस बाय एक पूर्णांक तीन अष्टमांश या सडपातळ टायरवर 590. एकतीस मिलिमीटरचा फरक, आणि दोन्ही सव्वीस! गणिताच्या शिक्षकांनी यावर काहीतरी बोललं पाहिजे. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, आता सगळे एकोणतीसवर गेलेत. म्हणजे 622. पण ते चाक लावलं तर ब्रेकचं रबर रिंगेला लागत नाही. ब्रेक बदला, तो बदलायला फ्रेम बदला, फ्रेम बदलली की सीट तेवढी तुमची जुनी. नवं चाक घ्यायला निघालेला माणूस नवी सायकल घेऊन येतो, ही त्या सगळ्या आकड्यांची बेरीज.

खर्चाचं बोलायला हवं. छत्तीस तारा, छत्तीस निपल, रिंग आणि वर मजुरी. एकूण आकडा तयार चाकाच्या पुढे जातो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तयार चाक स्वस्त असतं कारण ते यंत्राने पटापट विणलेलं असतं. थोडं चाललं की तारा बसतात, ताण उतरतो आणि ते चाकही आऊट काढायला त्याच मिस्त्रींकडे येतं. हा हिशेब दुकानात कुणी मांडत नाही.

आणि हा हिशेब वर्धेत नुसत्या पैशांवर सुटत नाही. या गावात नवी वस्तू घेणं हा व्यवहार नसतो, चारित्र्याचा प्रश्न असतो. मगनवाडीत 1934 साली ग्रामोद्योग संघ आला, संघाच्या कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार जगाला शिकवला. सेवाग्रामची मातीची बापूकुटी ऐंशीहून अधिक वर्षं उभी आहे, म्हणजे सारवणारे आणि कवेलू फेरणारे हात तेवढीच वर्षं चालू आहेत. अशा गावात तयार चाक खांद्यावर टाकून भर रस्त्याने जायचं म्हणजे छाती लागते. मी अंधार पडल्यावर आणलं होतं.

नव्याच्या बाजूने एक पुरावा मात्र आहे. गांधीजींनीच 1929 साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. म्हणजे चांगलं नवं चाक त्यांनाही हवं होतं. हा मुद्दा मी मिस्त्रींच्या टपरीवर मांडला. तिथे चार सल्लागार कायम बसलेले असतात आणि दारूबंदीचा जिल्हा असल्याने त्यांचं चहावर भागवावं लागतं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, माझा मागचा हब उघडला, वाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “वाटी कोरी आहे जी. हे कायले फेकता? रिंग अन् तारा तेवढ्या आणा.”

म्हणून अंतिम आदेश असा. वाटी कोरी असेल तर चाक पुन्हा विणून घ्यावं, पैसे जास्त गेले तरी. वाटीला खड्डे असतील तर तयार चाक आणावं, 559 तपासून, आणि दिवसाउजेडी. पुढच्या चाकाला फक्त छर्रे आणि ग्रीस.

चुकून आणलेलं 590चं चाक दुकानाने परत घेतलं नाही. ते पडून आहे. जुनी रिंग मात्र पत्नीने परसात दोन बांबूंना बांधून त्यावर दोडका चढवला आणि औंदा दोडके लागले. कारल्याचा वेल अजून जमिनीवर आहे. कुणाकडे आऊट न निघणारी सव्वीसची रिंग पडली असेल, तर भंगारात घालू नये, आमच्याकडे पोचती करावी. कोणतीही सव्वीस चालेल.