पोलादपारखी

पोलादपारखी ही वाशिम जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत आढळणारी असामी आहे. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सहाही तालुक्यांत ती सापडते, आणि जिथे लोहाराचा भाता चालू असतो तिथे तिची बैठक असते. वय पन्नाशीच्या पुढे. पेशा कोणताही चालतो: निवृत्त मास्तर, एस.टी.चा जुना ड्रायव्हर, पाच एकरांचा मालक. लोहारकामाशी मात्र त्याचा संबंध नसतो. ज्यांचा असतो ते फार बोलत नाहीत.

पारख्याला एक कोयता हवा असतो. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी छाटायला, कुपाटीचे काटे तोडायला, शेतात राखणीला गेलं तर हाताशी असायला. घरचा कोयता सहसा धडधाकटच असतो, पण पारख्याच्या मते तो पत्रा असतो. नीट कोयता एकदा केला की वीस वर्षं दुसरा लागत नाही. त्यामुळे गरज वीस वर्षांतून एकदा निर्माण होते आणि चौकशी बारमाही चालते.

या चौकशीचा पाया पक्का आहे, हे मान्य केलं पाहिजे. लोखंडात कर्ब किती, यावर पात्याचं सगळं भवितव्य ठरतं. घरबांधणीच्या सळईत तो 0.3 टक्क्यांच्या आत असतो. तिचं पातं करून कितीही पाणी द्या, ते धार धरत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कर्ब साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो, शिवाय सिलिकॉन आणि मँगनीज. बेअरिंगच्या पोलादात 1 टक्का कर्ब आणि दीड टक्का क्रोमियम. कानशीत कर्ब त्याहून थोडा जास्तच. पारख्याला हे आकडे येत नाहीत, पण त्यांचा क्रम अचूक येतो, आणि क्रमाच्या वरच्या टोकाला जे आहे तेच चांगलं अशी त्याची श्रद्धा असते. म्हणून तो पहिल्यांदा कानस घेऊन येतो.

कानशीचं पातं दाढी करण्याइतकी धार घेतं. मग ते बाभळीच्या गाठीवर पडतं आणि नखाएवढा कपचा उडून धुऱ्यात हरवतो. कडकपणा आणि चिवटपणा या दोन गोष्टी पोलादात एकत्र नांदायला फारशा राजी नसतात. भाजी चिरायच्या लहान सुरीला कडकपणा पुरतो, कारण तिला कोणी आपटत नाही. कोयत्याचं पातं लांब, घाव खांद्यातून येतो, आणि वेडावाकडा बसला तर सगळा मार धारेच्या एका बारीक जागेवर येतो. तिथे पातं तुटण्यापेक्षा किंचित वाकलेलं परवडतं. वाकलेलं ठोकून सरळ होतं. म्हणून मोठ्या पात्याला कमानीचा पाटा. ट्रकखाली वर्षानुवर्षं खड्डे सोसायला जो घडवला जातो, तो बाभळीलाही पुरून उरतो. खड्ड्यांच्या बाबतीत जिल्ह्यातल्या पाट्यांची परीक्षा जरा कडकच होते, पण तो वेगळा विषय आहे.

कानशीचा कपचा उडाला की पारखी पाट्यावर येतो, पण साध्या पाट्यावर नाही. पाटा जुन्या गाडीचाच हवा. “आत्ताचे पाटे म्हनजे कथील हाय कथील,” असं तो ज्याच्या गाडीचे पाटे नवे आहेत त्याच्यासमोर सांगतो. वास्तविक नव्या पाट्याचं पोलाद जुन्यापेक्षा एकसारखं निघतं, आणि जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी भेग असण्याचा धोका जास्त. लोहार आधी पाटा ठोकून आवाज ऐकतो तो यासाठीच. पारखीही ठोकतो, कान लावतो आणि मान हलवतो. काय ऐकलं ते सांगत नाही.

पाट्याच्याही वर पारख्याच्या मनात एक धातू असतो: रूळ. मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून तिच्या रुळाविषयी कारंजा तालुक्यात आदर वाढला आहे. रुळाच्या पोलादाचा कोयता कोणीतरी, कुठेतरी, केलेला असतो. त्याने म्हणे लोखंडी खिळा कापला जातो. ही हकीकत आवाज खाली आणून सांगतात, कारण रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध 1966 चा कायदा आहे आणि पारख्याला तो कायदा माहीत असतो. रुळाचा तुकडा बहुतेक लोहारांकडे ऐरण म्हणून पडलेला दिसतो. तो कुठून आला हे पारखी विचारत नाही. पारख्याच्या तोंडी एवढा एकच प्रश्न वर्ज्य आहे.

इतिहासही त्याच्या बाजूने आहे. दमास्कसच्या तलवारींची ख्याती ज्या पोलादावर उभी राहिली ते दक्षिणेतून जात असे, आणि ते करणारं प्रसिद्ध गाव कोनसमुद्रम आजच्या तेलंगणात, निजामाबादकडे आहे. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत निजामाच्याच अमलाखाली होता. या दोन खऱ्या वाक्यांमधून पारखी तिसरं वाक्य काढतो: ते पोलाद आपलंच. त्या पोलादात कर्ब दीड टक्क्याच्या आसपास असे, म्हणजे कानशीपेक्षाही जास्त. त्याचा कोयता बाभळीवर घालावा की नाही, हा प्रश्न त्याच्या इतिहासात येत नाही.

स्टेनलेसविषयी त्याचं मत ठाम आहे: ते ताटवाट्यांचं. 1913 साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद काढलं, त्याचं कात्रीसुऱ्यांच्या धंद्यात सोनं झालं. ताटवाट्यांचं स्टेनलेस पाणी दिल्याने कडक होत नाही हे खरं, पण सुऱ्यांचं वेगळं असतं आणि ते चांगलं कडक होतं. पारखी दोन्हींना एकाच लोहचुंबकाने तपासतो. हे चुंबक जुन्या स्पीकरमधून काढलेलं असतं आणि सदऱ्याच्या खिशात, चष्म्याशेजारी राहतं. ते बाजारातल्या प्रत्येक पात्याला लावून तो “चिकटते” किंवा “नाई चिकटत” असा निकाल देतो. सळईलाही ते चिकटतं, कानशीलाही, ट्रकच्या कमानीलाही. निकालाचा उपयोग दुकानदाराला घाबरवण्यापुरता.

गंमत अशी की भट्टीपाशी चुंबकाचं खरोखरच काम असतं. साधारण 770 अंशांवर तापलं की लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं पुढे पातं गेलं की पाणी द्यायची वेळ होते. लोहाराला हे रंगावरून कळतं, म्हणून भट्टी नेहमी सावलीत असते आणि पाणी द्यायचं काम सकाळच्या पहिल्या प्रहरात किंवा दिवस मावळताना निघतं. पारखी दुपारी बाराला येतो. खिशातलं चुंबक खिशातच राहतं, आणि तो उभा राहतो तो नेमका उजेड अडवून किंवा सावली अडवून.

“मिस्तरी, पानी कायचं देता?”

“तेल हाय, भाऊ.”

“तेलात धार बसते का?”

मिस्तरी उत्तर देत नाही, कारण त्या वेळी पातं सांडशीत असतं. कमानीचं पोलाद साध्या पाण्यात बुडवलं तर तडकण्याची भीती असते; तेल उष्णता सावकाश ओढतं. लालबुंद पात्याची फक्त धारेची बाजू तो तेलात धरतो, पाठ वर राहते. मग बाहेर काढून धार विटेच्या तुकड्यावर घासून उजळवतो आणि पाहत बसतो. पाठीत उरलेली धग धारेकडे उतरू लागते आणि उजळलेल्या पट्ट्यावर रंग चालत येतात, आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा निळ्याकडे झुकू लागला की सगळं पातं पुन्हा तेलात. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक आणि नाजूक राहते, निळ्याच्या पलीकडे गेलं तर मऊ पडते. रंगांचा हा सगळा प्रवास एखादा चहा संपायच्या आत आटोपतो, आणि चांगला पाटा वाया घालवायला तेवढा पुरतो. पारखी हा वेळ कंपन्यांच्या नावांत घालवतो.

पात्याच्या लांबीचा प्रश्नही तो काढतो. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं; घरकाम आणि शेतीसाठी बनवलेल्या अवजारांना सूट आहे. त्यामुळे नवा कोयता पोत्यात गुंडाळून एस.टी.त चढताना पारखी शेजारी बसणाऱ्याला न विचारताच “शेतीचं हाय हे” असं सांगतो. शेजारी उठून दुसरीकडे बसतो.

घरी आलेला कोयता वापरला जात नाही. त्याला धावड्याच्या लाकडाची मूठ बसते, तेलाचा हात फिरतो, पाहुण्यांना दाखवला जातो, अंगठ्याच्या नखावर धार तपासली जाते. धुरा सालदार छाटतो, जुन्या पत्र्याच्या कोयत्याने, दर पंधरा दिवसांनी तो पाजवून. सोयाबीनच्या सोंगणीला बाजारातले विळे येतात. ते पारखी स्वतः निवडत नाही. पंजाबातून आलेलं हार्वेस्टर वावरात उतरतं तेव्हा मात्र तो ऑपरेटरला पात्याचं पोलाद कोणतं ते विचारायला जातोच. “कंपनी का है, बाबूजी,” एवढं उत्तर मिळतं. त्यावर त्याच्याकडे पुढचा प्रश्न नसतो.

या जातीचा नवा वाण अलीकडे दिसू लागला आहे. तो पंचविशीतला, मोबाइलवर व्हिडिओ पाहणारा. त्याला डी-टू पोलाद हवं असतं, रॉकवेल कठिणता 60 च्या वर हवी असते, आणि पात्यावर लाटा दिसायला हव्या असतात. लाटांचा ‘दमास्कस’ म्हणून जो माल विकला जातो तो दोन पोलादं एकावर एक जोडून, दुमडून, तेजाबात बुडवलेला असतो. कोनसमुद्रमशी त्याचं नातं नावापुरतं. जुना पारखी त्याला पोरखेळ म्हणतो, नवा जुन्याला अडाणी म्हणतो. भट्टीपाशी गाठ पडली की त्यांचं दोन तास जमतं. दोघांचे कोयते एकाच टेंपोच्या एकाच पाट्यातून निघतात. लोहार त्यांचा भाव इतरांपेक्षा थोडा चढा लावतो. उभं राहण्याचे पैसे तो धारेत धरतो.