कॅप्सूल पर्समध्ये, फाइल टेबलावर

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, की औषधाच्या आधी घरात शिरते ती सल्ल्यांची वरात. नणंद गव्हांकुर घेऊन येते, मावशी गुळवेल, जावेचा भाऊ लक्ष्मणफळाचा रस. मंत्र सगळ्यांचा एकच: "प्रतिकारशक्ती वाढली पाहिजे!" आत्ता किती आहे आणि वाढली हे कळणार कसं, असलं विचारणारा माणूस घरात खडूस ठरतो. केमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घसरतात, ते रिपोर्टात आकड्यासकट छापून येतं. तो कागद कोण वाचतंय? 'काउंट पडलेत' म्हणून नेमक्या त्याच दिवसांत कच्चा हिरवा रस पाजायचा, जंतूंना अक्षत देऊन.

हळदीचंच घ्या. जखमेवरच्या हळदीचं पेटंट अमेरिकेनं 1995 मध्ये देऊन टाकलं होतं. शास्त्रज्ञ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं लढून ते 1997 मध्ये रद्द करवलं. हळद आपली, हे तिथं ठरलं. ती सगळ्यावर चालते, हे शेपूट आपण जोडलं. पुढं रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध घेणाऱ्या पेशंटना हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल दिल्या. टॅमॉक्सिफेनचं शरीरात एंडॉक्सिफेन होतं आणि मुख्य काम तेच करतं. रक्तातलं ते एंडॉक्सिफेनच घटलं. मिऱ्यातलं पायपरिन जोडल्यावर 12 टक्क्यांच्या आसपास. 2019 चा हा अभ्यास लहान, पेशंट जेमतेम 16, आणि डोस रोजचा 3,600 मिलिग्रॅम. तेव्हा आमटीतल्या चिमटीवर आळ नाही, निर्धास्त जेवा. पण बाटलीवर 'मिऱ्यासह, शोषण जास्त' असं मिरवलेलं असतं ना, ते मात्र वाचा.

बरं, झाडपाल्याशी कर्करोगाच्या डॉक्टरांचं वैर आहे म्हणावं, तर केमोतलं पॅक्लिटॅक्सेल निघालं अमेरिकेतल्या पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून, आणि व्हिनोरेलबिनचं मूळ आपल्या दारातल्या सदाफुलीत. सलाइनमधून आलं की 'केमिकल', पुडीतून आलं की 'नैसर्गिक'!

डॉक्टरही कमी नाहीत. एकदा पेशंट बाईनं पर्समधल्या कॅप्सूलचं खरं सांगितलं, तर "बंद करा ते सगळं" एवढं म्हणून त्यांनी पुढचा नंबर पुकारला. का बंद करायचं, कोणतं चालेल, काही नाही. ती काहीच बंद करत नाही, फक्त सांगायचं बंद करते. पुढच्या खेपेला "आणखी काही घेता का?" असं विचारल्यावर ती पर्सची चेन लावते आणि उत्तर नवरा देतो: "छे हो, फक्त घरचं जेवण."