डोकं टेकल्याशिवाय दोरी नाही

वऱ्हाडाचं आयुष्य कापसात गेलं, तरी धुऱ्यावर ग्रासकटरची दोरी बाहेर येईना की इथला माणूस हतबल होतो आणि थेट कंपनीचा उद्धार करतो. माझ्या मते बहुतेक वेळा कंपनी निर्दोष असते. १९७१ साली ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलास यांनी मोटारी धुणारे फिरते ब्रश पाहिले, पत्र्याच्या डब्याला मासेमारीची दोरी बांधली आणि गवतावर फिरवली. लोंबती दोरी वेगानं फिरली की ताठ होते, एवढंच त्यातलं मर्म. पुढे दोरी फिरवणाऱ्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, रीळ आलं. स्प्रिंग ते खाचेत दाबून धरते. खालची टोपी जमिनीवर टेकली की खाच क्षणभर सुटते, बाहेरची दोरी आतलीला ओढते आणि रीळ पुढच्या खाचेत अडकतं. जास्तीची दोरी गार्डवरचं पातं छाटतं. म्हणजे दोरी कोणी ढकलत नाही, बाहेरचीच आतलीला खेचते. ती वीतभर असताना टेकवलं तर पुढची मिळते. बोटभर उरल्यावर कितीही डोकं आपटा, काही निघत नाही. पीककर्जाचाही नियम हाच: ज्याच्याजवळ आहे, त्यालाच मिळतं.

कोणी म्हणेल, आपोआप दोरी सोडणारी हेडं आहेत की! आहेत. विजेच्या काही यंत्रांत खटका सोडून पुन्हा दाबला की थोडी दोरी निघते. पण खटका खेळायलाच दिलाय अशी ज्यांची समजूत, त्यांचं रीळ दुपारच्या भाकरीआधीच संपायचं. दोरीचे सुटे तुकडे बसवायच्या हेडात अडकायला काही नाही, पण तुकडा झिजला की यंत्र बंद करून खाली बसा. मग निंदणालाच बसलेलं काय वाईट? श्रावणातली काळी माती टोपीत घट्ट बसते, हा आक्षेप मात्र खरा. हेड उघडून धुवावं लागतं, त्याला इलाज नाही. आणि वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत दोरीही साल सोलते, जखमेतून डिंक्या शिरतो. खोडाजवळचं गवत विळ्यालाच द्यावं.

बाकी दोष गुंडाळणाऱ्याचा. वेढे एकमेकांवर चढले की घासून तापतात आणि चिकटतात. अकोल्याचा उन्हाळा पत्र्याच्या खोलीत काढलेली दोरी कडक होऊन तुटते. नायलॉन पाणी शोषतं, म्हणून ती हरभऱ्यासारखी रात्रभर भिजत घाला. आणि रिळावर बाण काढलेला असतो. तो शोभेचा नाही. गुंडाळताना त्याच दिशेनं गुंडाळा.