अस्वल, हिंग आणि साडेतीनशे डॉलर

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबा,

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत जमेल तेवढं लिहिते. पार्सल मिळालं. मेतकूट सांडलेलं नाही; बाबांच्या चिकटपट्ट्या सोडवायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली.

मुकुंदाचा साखरपुडा पुन्हा पुढे ढकलला? आता मुलीकडच्यांना सरळ विचारा. आणि सुमामावशीला म्हणावं, रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर वाचल्याशिवाय सही करू नकोस.

आई, आम्ही योसेमिटीच्या उद्यानात तंबूत राहायला जाणार हे कळल्यापासून, अस्वल शिरेल म्हणून तू जागत बसतेस, असं ताई म्हणाली. अगं, योसेमिटीच्या अस्वलांना माणसं नकोत, डबे हवेत. म्हणून तिथला नियम असा की वास येणारी प्रत्येक वस्तू लोखंडी पेटीत कडीबंद ठेवायची. अंधार पडल्यावर गाडीतही नाही. अस्वलं दार वाकवून आत शिरतात. नियम मोडला तर 5,000 डॉलरपर्यंत दंड! टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलम, सगळं त्यांच्या लेखी खाणंच. तुझी हिंगाची डबी कुठल्या पेटीत मावेल गं? ती मावेल, वास मावायचा नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतताही पाळायची. ह्यांच्या घोरण्याला काय दंड, ते कुठे लिहिलेलं नाही.

ह्यांना अर्थात ग्लॅम्पिंग हवंय. उद्यानाबाहेर तंबू, पण आत पलंग, हीटर, संडास. एका रात्रीचे साडेतीनशे डॉलर, वर कर! म्हणजे तीसेक हजार रुपये. एवढ्यात मावशीची मंगळागौर जेवणावळीसकट झाली असती. आणि एवढे मोजून तिथे साधा पिठलं-भात शिजवायला बंदी. हे सुख नवं नाही म्हणा. 1899 साली करी नावाच्या शिक्षक जोडप्याने (बाबा, हसू नका, आडनावच आहे) योसेमिटीतच दिवसाला दोन डॉलरमध्ये तंबू, पलंग आणि जेवण द्यायला सुरुवात केली होती. आम्ही सव्वाशे वर्षं उशिरा आलो. उद्यानात आपला तंबू ठोकायच्या साध्या जागेला मात्र रात्रीचे 36 डॉलरच पडतात, फक्त पाच महिने आधी सकाळी सातला कॉम्प्युटरपुढे बसावं लागतं. मी बसले.

खरं सांगू? इथे मुलांच्या खोल्या वेगळ्या, दारं बंद. जेवायला हाक मारायची तर मेसेज करते. दापोलीच्या माडीवर ओळीने गाद्या असायच्या, अंधारात खोकल्यावरून आत्या कुठे, काका कुठे ते कळायचं. मला एकदा तरी चौघांना एका ओळीत झोपवायचंय. ते पलंगांवर कसं व्हायचं?

तर तंबूच. बाबा, होल्डॉल भंगारात देऊ नका, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा.

तुमची,
वीणा

ता. क. आई, ओडोमॉसच्या दोन ट्यूब पाठव. त्याही रात्री पेटीतच जातील, पण पाठव.