स्वागत आहे, पण खड्डा बघून

मराठी माणूस स्वित्झर्लंडला निघाला की टूरवाले त्याला आधी एका हॉलमध्ये बसवतात आणि चहा-सामोसे देऊन बजावतात: रांग मोडू नका, बसमध्ये मोठ्यानं बोलू नका, हॉटेलच्या खोलीत खिचडी शिजवू नका, भोंगा वाजतो. उलट दिशेनं येणाऱ्याला मात्र आपण काहीच सांगत नाही. जर्मनीचा नाहीतर जपानचा इंजिनिअर यंत्र बसवायला वाळूज एमआयडीसीत येतो, तेव्हा त्याच्या हातात अजिंठ्याच्या पद्मपाणीचं रंगीत पत्रक असतं. पद्मपाणीला वाळूजचा ओअॅसिस चौक कधी ओलांडावा लागला नाही. म्हणून या चार सूचना. सरकारच्या वतीनं नव्हे, शेजारधर्म म्हणून.

विमानतळावर उतरल्यावर शहराचं नाव काय, हे विचारू नये. बोर्डिंग पासवर ‘आयएक्सयू’ छापलेलं असतं. कुणाचंही मन न दुखावता तेवढंच उच्चारता येतं. केंद्रानं नव्या नावाला मान्यता दिली २४ फेब्रुवारी २०२३ला आणि जी-२० मधल्या महिलांच्या गटाच्या पाहुण्या इथं बैठकीला बसल्या २७ला. त्या दोन दिवसांच्या बैठकीसाठी शहरानं भिंती रंगवल्या, कुंड्या मांडल्या, दिवे लावले. वाळूजकर आशेनं वाट बघत होते, की रंगाचा डबा घेऊन कुणी नगर नाका ओलांडेल. पण पाहुण्यांना लेणी दाखवायची असतात, कारखाने नाही. पोट कशावर चालतं ते पाहुण्यांपुढं काढायचं नसतं.

आता पत्ता. पुणे-नगर रस्त्यावर एक रांजणगाव आहे. तिथं महागणपती आहे आणि एमआयडीसी आहे. तोच रस्ता धरून आणखी दीड-पावणेदोनशे किलोमीटर आलं की आमचं रांजणगाव, शेणपुंजीचं. एमआयडीसी इथंही आहे. अष्टविनायकाचा मान तिकडं गेला, ट्रॅफिकचा आमच्याकडं राहिला. पंढरपूरचं तेच. नकाशात नुसतं ‘पंढरपूर’ टाकून निघालेला पाहुणा सोलापूर जिल्ह्यात चंद्रभागेकाठी पोचला, तर त्याचं पुण्य वाढेल, यंत्र बसणार नाही. आमचं छोटं पंढरपूर एमआयडीसीच्या तोंडाशी, नगर रस्त्यावर. आषाढी एकादशीचं तिकीट मात्र काढू नये. त्या दिवशी शहरातून पायी आलेल्या दिंड्यांनी रस्ता भरतो. वाळूजमधलं हे एकच ट्रॅफिक, ज्याला कुणी शिवी देत नाही.

कंपनी सापडत नसेल तर प्लॉट नंबर सांगून उपयोग नाही. टपरीवाल्याला विचारावं. तो तुम्हाला बंद पडलेल्या एका कंपनीच्या गेटपासून डावीकडं, उठून गेलेल्या दुसऱ्या कंपनीच्या भिंतीला लागून पाठवील. चालू कंपन्यांवरून पत्ता सांगायचा इथं रिवाज नाही. त्यांचा भरवसा कुणी द्यावा?

शेअर रिक्षाबद्दल सविस्तर सांगायला हवं. बजाजचा कारखाना इथं १९८५ला आला, आणि इथली तीनचाकी आता जगभर जाते. टांझानिया, इथिओपियात लोक रिक्षाला कंपनीच्याच नावानं हाक मारतात. त्यामुळं दार-एस-सलामचा पाहुणा वाळूजला उतरला तर त्याला माहेरी आल्यासारखं वाटेल, अडचण युरोपवाल्यांची. परमिट तिघांचं असतं. मागं चार बसतात आणि ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक. पाहुण्यानं पुढं बसू नये असं आम्ही म्हणालो असतो, पण त्याचे पाय लांब, म्हणून त्यालाच पुढं बसवतात: अर्धं बूड सीटवर, अर्धं नगर रस्त्यावर. ‘साब, थोडा सरको’ असा आवाज आला की सरकावं. कुठं, हे विचारू नये. आजवर कुणी विचारलेलं नाही. शिफ्ट सुटायच्या वेळी तर रिक्षाच करू नये. त्या वेळी पोरं सायकलवरून सगळ्यांच्या पुढं निघून जातात.

शॉपमध्ये गेल्यावर नव्या यंत्राच्या पॅनेलवर कुंकवाचं स्वस्तिक दिसेल, पायाशी नारळ फुटलेला असेल. वॉरंटीत हे बसतं का, असं तोंड करू नये. तुमच्या मॅन्युअलमध्ये यंत्र बंद पडल्यावर काय करायचं ते आहे. ते पडू नये म्हणून काय करायचं, त्याची जबाबदारी आम्ही उचलली आहे. खंडेनवमीला आलात तर आणखी बरं. लेथला झेंडूचा हार, फोर्कलिफ्टला आंब्याची पानं, प्लांट हेड सोवळ्यात. काम शून्य, पण ऑडिटचा शेरा त्या दिवशी लिहू नये.

सत्कार होणारच. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. हिमरूची शाल मे महिन्यातही खांद्यावरून काढायची नाही, फोटो होईपर्यंत. तिथंच नारळ फोडून खायचा नाही. प्रत्येक खात्यात चहा येईल आणि ‘आत्ताच झाला’ हे उत्तर ग्राह्य धरलं जात नाही.

मोकळा दिवस मिळाला तर यजमान गाडी काढतील. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ, आणि यजमानांना सवड नेमकी सोमवारी नाहीतर मंगळवारी असते. तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. थायलंड, श्रीलंकेचा असेल तर ४०च. शेजाऱ्यांना आपण घरातलं धरलं आहे. जपानी माणूस ६०० भरून बुद्धापुढं हात जोडतो, ४०वाला आधी सेल्फी काढतो.

वाळूजला परमुलखातून येणारे सगळेच विमानानं येत नाहीत, हे राहिलंच. बिहार, उत्तर प्रदेशातून येणाऱ्या पोरांनाही इथलं सगळंच नवं असतं. रांजणगाव-जोगेश्वरीत पत्र्याच्या खोलीत चौघं-पाच जण, आणि एक शिफ्टला गेला की त्याच चटईवर दुसरा आडवा. टँकरची वेळ त्यांना तोंडपाठ आहे आणि रिक्षात सरकायचं कुठं, हेही. त्यांच्यासाठी पत्रक छापायची गरज नाही. सूचना कंत्राटदार तोंडी देतो: आधार कार्डाची झेरॉक्स आण, सकाळी साडेसहाला गेटवर ये, ओव्हरटाइमचं महिनाअखेरीला बघू.